नवरदेवाची गाडी

पिंपरी पेंढारच्या कुशाबांकडे अकरा वर्षांपूर्वी काळी परदेशी गाडी आली तेव्हा मी जळलो होतो, हे आधी कबूल करतो. बायपासला रस्त्याकडेची जमीन गेली, त्या पैशांत लोकांनी घरं बांधली. या गृहस्थानं ट्रॅक्टरएवढी उंच गाडी आणली. बयाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तीत चढताच येईना. मग त्यांच्यासाठी डिकीत कायम एक लाकडी स्टूल.

पहिली तीन वर्षं गाडीनं हूं की चूं केलं नाही. वॉरंटी संपली आणि ती खायला उठली. सावली म्हणून कुशाबांनी ती कांदा साठवायच्या बराखीत लावली होती. तिथल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या. शोरूमवाले म्हणाले, सगळं वायरिंग बदला. पुढं एक बल्ब गेला तर अख्खा हेडलाइट, एक बटण बिघडलं तर अख्खा पॅनल. शेवटी जुन्नरच्या जलाल मेकॅनिकनं ती हातात घेतली.

"ही गाडी न्हाई भाऊ, जावई हाय," तो म्हणायचा. "मान बी द्या आन् पैसं बी द्या."

पण गावात तिला काम होतं. लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, तो कुशाबांच्याच गाडीतून. तिथून तीच गाडी कार्यालयात. भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. स्वतः चालवायचे आणि मांडवात मानाची टॉवेल-टोपी घ्यायचे. सहा वर्षांपूर्वी बयाबाई गेल्या. मुलगी अक्षदा बंगळूरला, तिचा फोन रविवारी. त्यानंतर त्यांच्या दारात माणूस यायचा तो गाडीची तारीख धरायला. तेवढ्यानं चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. मी निवृत्त मास्तर, घर त्यांच्या घराला लागून, तरी कामाशिवाय कधी गेलो नाही. आळस, दुसरं काय!

यंदा एप्रिलमध्ये माझ्या पुतण्याचं, ऋषीचं लग्न होतं. आठ दिवस आधी गाडी मागून खाली बसली. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात, ते फुटले होते. जलालनं ती ओढून गॅरेजला नेली आणि स्पष्ट सांगितलं, "पार्ट भायेरून येनार. गाडी इकून जेवढं येतील, त्याच्यापरीस जास्त ह्याच्यातच जातील. आता सोडा तिला."

कुशाबांनी "बघू" म्हटलं आणि माझ्या भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "असू द्या, दुसरी बघतो," आणि ठेवला. संध्याकाळपर्यंत नारायणगावची एक पांढरी गाडी ठरली. प्रश्न मिटला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

लग्न ओतूरच्या कार्यालयात. सकाळी आमच्या सात-आठ गाड्या त्यांच्या घरावरूनच गेल्या. कुशाबा ओट्यावर बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी. मी काचेतून हात केला. त्यांनीही केला. येतील मागून, असं मला वाटलं. कशानं येतील, हा विचार मात्र मनात आला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बुंदीचा डबा घेऊन गेलो. मला दारात बघताच ते उठले आणि खिळ्यावरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर बसले.

"बोला गुरुजी, कोनती तारीख?"

"तारीख नाही हो. बुंदी आणलीय."

ते कॅलेंडर मांडीवर तसंच धरून राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून मी गाडीचं विचारलं.

"पार्ट मागवला काल सांच्याला. मे महिन्यात आनखी तीन लग्नं हायेत."

"अहो, एवढा पैसा! जलालनं तर सोडा म्हटलं होतं ना?"

"म्हनला व्हता. मी बी सोडनार व्हतो." त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. माझ्याकडं पाठ करूनच बोलले, "पर काल आठ वाजल्यापास्नं कापडं घालून वट्यावर बसलो व्हतो, गुरुजी. गाडी नीट असली म्हंजी मला कुनी इसरत न्हाई."

चहा ठेवतो म्हणून ते आत गेले. काल माझ्या गाडीत मागची सीट रिकामी होती. ती त्यांना ओट्यावरून दिसली होती.