वडिलांची पोझिशन

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावकडच्या आमच्या गावात गवताची काडी उगवली नाही, पण 'पोझिशन' हा इंग्रजी शब्द मात्र असा तरारून आला की विचारू नका. विहिरीत पाणी किती, तर विहिरीची पोझिशन. म्हातारी राहते की जाते, तर म्हातारीची पोझिशन. एसटी बंद पडली की कंडक्टर खाली वाकून तिचीही पोझिशन बघायचा. वडिलांनी मात्र त्यातला एकच अर्थ उचलला होता: चार माणसांतली आपली शान. तो अर्थ ते पटक्यासारखा डोक्यावर वागवत. झोपतानाही उतरवत नाहीत, असं आई म्हणायची.

अशात माझ्या लग्नासाठी मुलीचे वडील आमचं घर बघायला येणार होते. आमच्याकडे घर बघणं म्हणजे आधी गोठा बघणं. आमचे बैल होते सरकारी चारा-छावणीत.

"रिकामा गोठा बघून कोण पोरगी देतंय? पोझिशन ऱ्हात न्हाई," म्हणत वडिलांनी शेजारच्या काकांची खिलार जोडी मागून आणली. गोठ्यात बांधली मी.

पाहुणे आले. बैल जागेवर ठरेनात, एकमेकांना ढुसण्या देऊ लागले. मी लगेच पुढे सरसावलो. "अंगात लई जोर हाय, मामा. परवा दगडाची गाडी अशी हिसडली, का चाकं मागंच ऱ्हायली."

"असं व्हय? ह्यातला डावा कोन्ता?"

आमच्या बैलांचं विचारलं असतं, तर झोपेतही सांगितलं असतं. मी जवळच्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्यो. वासरू हुता तवापासनं माझ्या हातचं खातोय."

 पाहुण्यांनी दोन्ही बैल सोडले आणि जागा बदलून बांधले. जन्मभर जुवाच्या ज्या बाजूला चालले, ती बाजू मिळताच बैल गप्प झाले. एक तर रवंथ करू लागला. मी एवढासा झालो. गव्हाणीत टाकलं असतं, तर वैरणीत सापडलो नसतो.

दारात अर्धी आळी उभी होती. वडील तिच्यादेखत म्हणाले, "बैल माझे न्हाईत, पाव्हणं. माझे छावणीत हायेत."

"माझेबी तिथंच हायेत," पाहुणे म्हणाले. "चहा टाकायला सांगा."

चहा घेताना वडील छावणीतल्या वैरणीचं बोलत राहिले. थाप मी मारली होती, आणि माझ्याकडे ते बघतही नव्हते.

लग्न ठरलं, झालंही. सासऱ्यांनी तो विषय कधी काढला नाही. दिवाळीला गेलो की पाट, रांगोळी, जावयाचा सगळा मान. फक्त संध्याकाळी ते बैलांना वैरण टाकायला उठले आणि त्यांच्यामागोमाग मीही उठलो, की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तुमी बसा, जावईबापू."

मी बसायचो.