तारेआधी प्यालेले पाणी

युद्धाच्या काळात मी दहिवडीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. माण तालुक्यातली पुष्कळ मुले पलटणीत होती. एखादा मेला आणि तारेवरचा पत्ता अपुरा असला, की तार आमच्याकडे येई. घर आम्ही शोधायचे. वैशाखातल्या एका रविवारी अशी तार आली. कचेरीचा शिपाई सुट्टीवर होता. सायकल माझी स्वतःची होती, म्हणून मी निघालो.

गाव आठ मैलांवर होते. वाटेत एकाच बाभळीखाली मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या. हँडल इतके तापले होते, की रुमाल गुंडाळून धरावे लागले. सहाव्या मैलानंतर घशात थुंकीही उरली नाही.

घरापुढे त्या जवानाचा बाप दोर वळत बसला होता. सायकल पाहताच त्याचे हात थांबले. त्याची बायको दारात आली. मी मुलाचे नाव विचारले. घर तेच होते. तिने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. मी तांब्या उचलला आणि रिकामा केला.

मरणाची बातमी आणणारा त्या घरचे पाणी पीत नाही. आमच्या सांगलीकडेही हीच रीत. मला ती लहानपणापासून ठाऊक होती. तांब्या खाली ठेवताना आठवली.

म्हातारा हसला. "सायकल बघून लय भ्यालो व्हतो. पानी प्यालासा, बरं झालं. आता बोला निवांत."

"पत्ता बरोबर आहे का, एवढंच पाहायला आलो," मी म्हणालो.

"आठ मैल उनातनं?" तो बायकोकडे वळला. "आगं, सरकार लय जपाया लागलंय आपल्याला."

"मग पोरगं कवा येनार, ते बी इचारा की तुमच्या सायबास्नी," ती म्हणाली.

विचारतो, असे सांगून मी निघालो. तार खिशातच होती.

सोमवारी ती शिपायाने नेली. संध्याकाळी तो परत आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"म्हातारा ऐकत न्हाई. म्हनतोय, काल आलेला मानूस पानी पिऊन गेला. ह्यो कागद दुसऱ्या कुनाचा आसंल. सुतक बी धरू देत न्हाई घरात."

"मग?"

"मग काय? तुमीच जावा."

पुढच्या रविवारी मी गेलो. ऊन तसेच होते. या वेळी म्हाताऱ्याने तांब्या स्वतः आणला.

"घ्या," तो म्हणाला.

मी हात पुढे केला नाही.

"घ्या की. लांबनं आलासा."

मी जमिनीकडे पाहत होतो. आत त्याच्या बायकोने हंबरडा फोडला. तो मात्र तांब्या माझ्यापुढे धरून तसाच उभा होता. पाणी हिंदकळून माझ्या बुटांवर पडत होते.