दुपट्ट्याखालचं लंडन

चिखलीत बसून अख्ख्या जगाशी भांडण उकरून काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो दोन वर्षं माझ्याच खोलीत राहत होता. मूळचा सुलतानपूरचा, म्हणून आम्ही सगळे त्याला सुलतानपूरवालाच म्हणायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हायस्कुलात मास्तर; सहीपुढे बी.ए. लिहिल्याशिवाय माझं पेन थांबत नसे. पण हा पठ्ठ्या नागपूरहून वकिली पास होऊन आलेला, आणि एकही खटला न घेता लंडनला जायचं म्हणून बसलेला. तिथं पुढचं शिकायचं, आणि तेही साधंसुधं नाही, तर देशादेशांमधल्या व्यापाराचा कायदा. सरकारी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला दोनदा गेला आणि दोनदा हात हलवत परत आला. आता वयाची अट संपत आली होती. एकच खेप उरली होती. नवीन महाराष्ट्र झालेला, जो तो काहीतरी व्हायला निघालेला. पण इतक्या लांब निघालेला आमच्यात हाच.

इजिप्त, ब्रह्मदेश, ब्राझील ही त्याच्या तोंडी मेहकर-लोणारसारखी गावं होती. मी दात घासत असलो की हा पेपर घेऊन समोर उभा, आणि इजिप्तच्या कापसावर कोणी काय जकात बसवली हे मला तोंडात पेस्ट असताना ऐकावं लागे. उत्तर दिलं नाही तर म्हणायचा, "काऊन बे मास्तर, तुले काहीच वाटत नाही?" कापूसबाजारात तर त्याला नेण्याची सोय नव्हती. कोणाच्याही बैलबंडीवर चढायचा आणि तुमचा कापूस कुठं जाते म्हणून विचारायचा. शेतकरी म्हणे जिनात. मग पुढं? मुंबईले. मग पुढं? तिसऱ्या प्रश्नाला शेतकरी बैल हाकून मोकळा व्हायचा, आणि हा खाली उडी मारून विजयानं सांगायचा, पाहा, कोणालेच माहीत नाही.

करारावर त्याची भारी श्रद्धा. आमच्या खानावळवाल्या मावशीशीसुद्धा त्यानं रेघांच्या कागदावर करार केला होता. देशादेशांच्या करारात म्हणे एक कलम असतं, की तुम्ही दुसऱ्या कोणाला जी सवलत द्याल ती आपोआप आम्हालाही. तेच त्यानं घातलं आणि मावशीचा अंगठा घेतला. दिवाळीनंतर मावशीचा जावई आला. त्याच्या पोळीवर तुपाची धार पडलेली पाहताच सुलतानपूरवाल्यानं खिशातून कागद काढला आणि कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "तुपाची येवढी हौस होती त आधी सांगाचं होतं. पोरगी तुलेच देली असती." सगळी पंगत हसली. हा मात्र दोन दिवस कायद्याची पुस्तकं चाळत बसला. तिसऱ्या दिवशी पुस्तकातून मान वर करून म्हणाला, मावशी बरोबर आहे, घरच्यांसाठी अपवाद असतेच, ते कलम लिहायचं मीच विसरलो. आणि संध्याकाळी जाऊन त्यानं तिच्याकडून करार दुरुस्त करून घेतला.

शेवटच्या मुलाखतीला मुंबईला मी त्याच्या सोबत गेलो. कोट मी दिला होता, पण गड्यानं त्यावर गळ्यात दुपट्टा टाकलाच. त्याचे वडील बैलबाजारात दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत; दोघं दलाल दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. हे त्याला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. आत काय झालं ते त्यानंच मला बाहेर येऊन सांगितलं. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाला या कायद्याचं काय काम? दोनदा तो याच प्रश्नावर आपटला होता. या वेळी तो उठला, दुपट्टा काढला आणि सरळ साहेबांच्या हातावर टाकून खालून त्यांची बोटं धरली. मग समितीतल्या बाकीच्या दोघांना विचारलं, आमचा काय भाव ठरला, सांगा. ते म्हणाले, आम्हाला कसं दिसणार?

"हेच त काम हाय साहेब," हा म्हणाला. "ज्याचा बैल, तो बाजूले उभा. आपल्या देशाचा माल असाच विकून राह्यला. मले तो दुपट्टा उचलाचा हाय."

साहेबाचा हात धरला, आता संपलं, असं तो परतीच्या गाडीत मलकापूरपर्यंत म्हणत राहिला. मी त्याला शंभर शिव्या घातल्या. आणि दीड महिन्यानं सरकारी पाकीट आलं, ते त्याला फोडवेना. मी फोडलं. वाचलं. मग आम्ही दोघं पदवीधर माणसं बनियनवर रस्त्यात नाचलो, आणि मावशीनं त्या दिवशी अख्ख्या पंगतीला तूप वाढलं.

त्याचं पहिलं पत्र आलं ते मी शिक्षकांच्या खोलीत चारदा वाचून दाखवलं. माझा खोलीसोबती लंडनला शिकतो, हे सांगायला मला अजून कारण लागत नाही. लिहिलं होतं, थंडी लय आहे, वर्ग भारी आहे, आणि बाजूला घानाचा एक गडी बसतो. बाप कोकोवाला. "मास्तर, रोज भांडते माह्यासंग. ऐकूनच घेत नाही. लय बरं वाटते."

खोलीत आता नवीन सोबती आला आहे. गुणी आहे, पेपर मनातल्या मनात वाचतो. आणि मी बी.ए. झालेला, हायस्कुलातला मास्तर, घानाच्या त्या न पाहिलेल्या गड्याचा हेवा करत बसतो.