बैल बसतो ती जागा

महागावच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली तेव्हा याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, ठेच्याचा डबा तिसऱ्यांदा पिशवीतून काढून पुन्हा पिशवीतच ठेवला. माझा बाप, बापू, कंडक्टरशी बोलत होता. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, पण चारचौघांत बापूची वऱ्हाडी सुटते, आणि स्टँडवर तर आमच्या फुलसावंगीकडचे सगळे ओळखीचे. गाडी हलली तसा तो खिडकीशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, "पोरी, कागद मंग भरजो. पहिले ढोर कुठी बसते थे पायजो!"

मागच्या सीटवरच्या बाईनं मला विचारलं, "ढोरं घ्याले चालली का वं?" मी हो म्हटलं. लडाखला चालले आहे आणि उंचावरच्या कोणत्या जागी माणसांनी राहावं हे ठरवायच्या कामावर लागले आहे, हे तिला सांगायला नागपूरपर्यंतचा रस्ता पुरला नसता.

बापूचं ते वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. माझा पणजोबा लदेणीवर होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलखी फिरायचा. ते दिवस संपत आले आणि कुठंतरी कायमचं टेकायची वेळ आली, तेव्हा म्हणे त्यानं माणसांचा सल्ला घेतलाच नाही. म्होरक्या बैलाचं ओझं उतरवलं, त्याला मोकळं सोडलं आणि तो कुठं बसतो ते पाहिलं. बैल ओलीत बसत नाही, वारा बोचतो तिथं बसत नाही, पाण्यापासून लांब बसत नाही. तीन सांजा तो एकाच जागी बसला, तेव्हा पणजोबानं तिथं खुंटा रोवला. तोच आमचा तांडा. लहानपणी मला वाटायचं की सगळी गावं अशीच वसत असतील, मुंबईसुद्धा.

भूगोलात एम. ए. केलं तरी ते वाटणं पुरतं गेलं नाही, हे तुम्हा तांड्यावरच्यांना आणि पुण्या-सुरतेकडे गेलेल्यांना आज कबूल करते. कारण त्यापायी मी सोळा घरं चुकीच्या जागी बसवणार होते.

पहिले दहा दिवस मी काहीच कामाची नव्हते. पंचेचाळीस डिग्रीत पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून, म्हणजे कपाशीच्या बांधावरून, पळणारी मी, तिथं बुटाची नाडी बांधली तरी धापा टाकायची. डोकं ठणकायचं, भूक मेली होती. तुरीची डाळ कुकरशिवाय शिजतच नाही, कितीही उकळा. पाण्याला उकळी लवकर येते, पण त्यात दम नसतो. मला मात्र या सगळ्याचं फार कुतूहल वाटायचं. हवा इतकी विरळ असताना इथल्या बाया पाठीवर शेणाच्या गोवऱ्यांची टोपली घेऊन गाणं म्हणत चढ कसा चढतात? शरीर किती पिढ्यांत हे शिकतं? आपल्याकडचं शरीर शिकेल का? आमच्या कामाच्या तक्त्यात याला एकच रकाना होता, 'उंची'. बाकीचे रकाने उतार, ऊन, पाणी, वारा, रस्ता, दवाखाना असे. प्रत्येक जागेला गुण द्यायचे आणि बेरीज करायची.

आमच्याकडे आलं ते सोळा घरांचं एक गाव. वरचा बर्फ कमी झाला होता आणि जवाच्या पेरणीलाच ओढा आटत होता. गाव हलवावं लागणार हे लोकांनीच ठरवलं होतं. कुठं, ते आम्ही सुचवायचं होतं. गावाखाली नदीकाठी एक मोठं पठार होतं. सपाट, रस्त्याला लागून, बाराही महिने पाणी. आमची गाडी दुपारी परत जायची, म्हणून तिथला वारा मी सकाळीच मोजायची. सकाळी तो नसल्यातच जमा. दुपारच्या वाऱ्याची चौकट रिकामी राहिली. पण गाडी चुकली की मी वर गावात राहायची, आणि तिथून दर वेळी दिसायचं की दुपारी गावचे सगळे याक त्याच पठारावर जाऊन बसतात. एकदा नाही, तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी मी त्या चौकटीत लिहिलं, 'कमी'.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पणजोबाची विद्या मी हिमालयात चालवली असं वाटलं.

अहवाल पाठवण्याआधी तो गावाला वाचून दाखवायचा असतो. सगळे एका मोठ्या खोलीत बसले होते. पठाराचं नाव निघालं आणि वारा 'कमी' म्हटलं, तशी कुजबुज सुरू झाली. आबीले म्हणून एक म्हातारी होती. आबीले म्हणजे तिकडं आजीबाई. रस्त्याच्या कामावर शिकलेली हिंदी ती तोडून तोडून बोलायची. तिनं विचारलं, "हवा कम? किसने बोला?"

मी म्हटलं, "याक वहीं बैठते हैं ना."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगितलं आणि खोली हसून हसून लोटपोट झाली. आबीले मात्र हसली नाही. ती म्हणाली, "याक को गरमी लगती है, बेटी. वो ठंडी हवा ढूँढता है. हमारे बच्चे याक हैं क्या?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पठारावर गेले. वाऱ्यानं टोपी नेली, दातांत वाळू आली, यंत्र दोन हातांनी धरावं लागलं. आणि हा उन्हाळा होता. जानेवारीत तिथं चूल तरी पेटली असती का? याक डोळे मिटून सुखानं रवंथ करत होते. मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले आणि मला रडू फुटलं. न मोजता लिहिलेल्या माझ्या एका शब्दावर सोळा घरांची लेकरं तिथं वाढणार होती.

बापूला फोन केला. तो टपरीवर होता, मागं लोकांचा आवाज. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आपली म्हैस उन्हाळ्यात डबक्यात बसते, मंग आपून डबक्यात घर बांधतो का? बैल आपल्यासंगं चालून थकला राहे, म्हनून त्याले पायत. तुह्यासंगं याक चालला होता का?"

हे त्यानं मला आधी का सांगितलं नाही, याचा मला राग आला. पण खरं तर मीच कधी विचारलं नव्हतं.

मी आबीलेकडे गेले, चूक झाली म्हटलं आणि विचारलं, फिर कहाँ? तिनं उलट मलाच विचारलं, "तुम रोज खाना कहाँ खाती हो?"

गावातून पठाराकडे उतरताना मध्ये एक भलाथोरला खडक होता आणि त्याच्या पोटाशी खोलगट जमीन. मी रोज तिथंच डबा उघडायची. का, याचा कधी विचार केला नव्हता. तिथं श्वास जरा जाग्यावर यायचा, काडी पहिल्या फटक्यात पेटायची, पाठीला खडक ऊबदार लागायचा. रस्त्यापासून लांब, म्हणून ती जागा माझ्या यादीतच नव्हती. आबीले म्हणाली, "हम सब देखते थे. नीचे की लड़की, साँस फूली हुई, कोई बोला नहीं, फिर भी रोज वहीं बैठती है."

या वेळी मी आधी मोजलं. आठ दिवस, सकाळ-दुपार-सांज. वारा खरंच कमी होता. खडक दिवेलागणीपर्यंत तापलेला राहायचा. खालच्या अंगाला एक झरा होता, थंडीतही गोठत नाही असं गाव म्हणत होतं. त्यासाठी आम्ही हिवाळ्यात पुन्हा गेलो आणि बर्फ बाजूला करून हात घातला, तर पाणी वाहत होतं. गुणांची बेरीज रस्त्यामुळे कमीच भरली. मी तसंच लिहिलं आणि खाली गावाचं म्हणणंही लिहिलं. रस्ता नंतर आणता येतो, झरा आणता येत नाही. या उन्हाळ्यात तिथं पहिल्या चार घरांचे पाये भरले. आबीलेनं पहिला दगड मला उचलायला लावला. निम्म्यातच मला धाप लागली आणि सगळे पुन्हा हसले.

घर म्हणजे काय, हे मला आता तक्त्याबाहेरचं थोडं कळतं. दमलेलं अंग कुणी न सांगता जिथं टेकतं, ते घर. माझं अंग अजूनही तांड्याच्या लिंबाखाली टेकतं. पण त्या खडकाशीही टेकतं, हे लपवून कशाला ठेवू.

पायाभरणीचे फोटो पाठवले, त्या दिवशी बापूचा फोन आला. "म्हंजे या खेपेले बैल तूच झाली म्हन की पोरी!" आणि तो खूप हसला. टपरीवरचेही हसले. मग लोकांचा आवाज लांब गेला. तो बहुधा उठून बाजूला आला असावा. आमच्या घरच्या बोलीत, हळूच त्यानं विचारलं की बसलीस ते ठीक, पण उठून येशील ना?

मी येईन म्हटलं. माझा इथला हा तिसरा उन्हाळा आहे, हे बोलले नाही. पण त्याला मोजता येतं.