अंगठे गोळा करणारा साडू

आमच्या साडूइतका विचित्र माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला न्हाई, आन् झाला असला तर गावानं त्याला टिकू दिलं नसंल. हा माणूस राम राम घालायच्या आधी समोरच्याचा अंगठा बघायचा. कुंभार पिंपळगावच्या बाजारात भाजी घेता घेता भाजीवालीला इचारायचा, "अक्का, सही येती का?" न्हाई म्हणली की झोळीतनं वही निघायची, काजळीची डबी निघायची, आन् अंगठा उमटायचा. खाली तो नाव लिहायचा, आन् वाचता न आल्यानं काय झालं तेबी. कुणाच्या भावाचं पत्र महिनाभर तसंच पडून राह्यलं, कुणी लावायचं औषध लेकराला पाजलं. निजामी जाऊन सरकार नवं आल्तं. त्याला हे सगळं दाखवून मोठ्या माणसांसाठी शाळा मागायची, एवढाच त्याचा ध्यास. चेहरे त्याच्या बिलकुल ध्यानात राहत नसत. खुद्द सासूला त्यानं "आपण कोणत्या गावच्या?" इचारलं, आन् अंगठा बघून मंग पाया पडला.

पण मेलेल्याचं नाव तो वहीतनं काढायचा न्हाई. मी म्हणलो, "साडूभाऊ, मेलेल्याला कशाची शाळा?" तर म्हणे, "मेला म्हणून त्याला वाचता आलं का?"

माझी बायको कौसा, त्याची धाकटी मेव्हणी, अंगठा देऊन चार महिन्यांत तापानं गेली. लोक म्हणाले, ह्यानं अंगठा घेतला की माणूस जातं. मीबी त्याच्या तोंडावर तेच म्हणलो. कौसाचा फोटो कधी काढला नव्हता. "तिचं पान दे," म्हणलो. "एक पान काढलं की वही खोटी," म्हणाला.

जमवलेलं लोकांना कळावं म्हणून दर पंधरवड्याला भर दुपारी तो पारावर वही वाचायचा. नाव घेऊन थांबायचा, माणूस "हाय" म्हणायचा. मेलेल्याच्या नावालाबी बराबर तेवढाच थांबायचा. तेव्हा झाडाचं पान हलत नसे. एकदा "कौसाबाई" म्हणून थांबला, आन् बायांच्या मागून आवाज आला, "हाय, दाजी." मागं नुसती भिंत. निम्मं गाव चपला टाकून पळालं. साडूनं शांतपणे पुढचं नाव घेतलं. आवाज मी वळखला. बोललो न्हाई कुणाला, पण मंग एकबी वाचन चुकवलं न्हाई.

तालुक्याच्या साहेबानं वही चाळली आन् सांगितलं, मेलेले काढा, मंग शाळेचं बघू. साडूनं माझ्यापुढं वही ठेवली, कात्री ठेवली आन् म्हणाला, "साडूभाऊ, तू न्हाई म्हणला तर न्हाई काढत. शाळा गेली तर जाऊ दे." तिचं नाव घेतलं न्हाई तर ती बोलणार न्हाई, हे त्यालाबी ठावं होतं. मी कौसाचं पान उघडलं. मंग कात्री उचलली आन् तेवढा अंगठा नावासकट कापून घेतला. बाकीचे मेलेले साडूनंच काढले, आन् लेकरावानी रडला.

पुढच्या वाचनात तिच्या जागी दुसऱ्याचंच नाव आलं. भिंतीकडं कुणी बघितलं न्हाई, मी सोडून.

शाळा झाली. पांढऱ्या केसांनी मी अक्षरं गिरवली. साडू जाऊन आता लई वर्षं झाली. इतक्यांचे अंगठे त्यानं घेतले, पण त्याला सही येत होती, म्हणून त्याचा अंगठा कुठंच न्हाई. चेहराबी आता नीट आठवत न्हाई. त्याचं राह्यलं ते एवढंच, मी वाकड्या अक्षरांत लिहिलेलं.