गल्लीची पालक

लोणंदच्या बाजारामागच्या गल्लीत कुणाच्याही पोराला शाळेचं बोलावणं आलं, तरी ते शेवटी दिलशादचाचीच्याच दारात यायचं. तिची स्वतःची पोरं शिकून, लग्नं होऊन कधीच पुण्याकडं गेली होती. पण गल्लीतल्या बाया दिवस उगवताच कांदा निवडायला वखारीत जात, बापे कंपनीत ठेक्यावर. शाळेत जायचं म्हणजे त्या दिवसाची हजेरी बुडाली. घरी असायची ती फक्त चाची, गाद्या शिवत. "पालकांना घेऊन ये" म्हणून वर्गाबाहेर काढलेलं पोर दप्तरासकट तिच्या ओट्यावर येऊन बसे. मग ती सुई गादीत खोचून, डोक्यावरचा पदर सारखा करून निघायची. कुणाची आत्या, कुणाची आजी होऊन ती ऑफिसात उभी राहायची, मान हलवायची आणि पोराला वर्गात बसवून यायची.

इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट कळून चुकली होती. आठवीपर्यंत पोरांना घरी धाडतात आणि परत घेतात. नववी सरत आली, की त्याच पोरांची शिस्त एकाएकी फार बिघडते आणि घरच्यांना दाखला काढून न्यायला सांगतात. पुढं दहावीच्या निकालाचा फलक शाळेच्या फाटकावर झळकतो, तेव्हा त्यात ही पोरं नसतात.

यंदा वखारीत जाणाऱ्या पूजाची नववीतली अंकिता आली. ओट्यावर बसली.

"काय झालं गं?"

"मारलं एकाला. बाटलीनं."

"का?"

"रोज म्हणतो, कांद्याचा वास येतोय, लांब बस. आज सगळ्या वर्गापुढं म्हणला."

चाचीनं सुई गादीत खोचली. शाळेत गेल्यावर कळलं, की तो मुलगा हुशार, शाळेला त्याच्याकडून फार आशा. मधल्या सुट्टीनंतर त्याला वर्गात बसवलं होतं. अंकिता गणितात नापास, त्यात सकाळी धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येते म्हणून कायम उशीर.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा उतरलेला होता. कागद पुढं सरकवत तो म्हणाला, "आजी, हा दाखल्यासाठी पालकांचा अर्ज. तुमच्या मर्जीनं काढताय असं लिहिलंय. मुलीवर डाग नको म्हणून."

"आमची मर्जी कुठं हाय?"

"मग शिस्तभंगाची कारवाई करावी लागेल. ते बरं दिसणार नाही."

"आवं सर, दोघं भांडली. त्यो वर्गात बसलाय नि ही भायेर. त्यो नापास असता तर?"

मुख्याध्यापकानं चष्मा काढून डोळे चोळले. "निकाल खाली आला की वरून मला विचारतात. तुम्हाला कुणी विचारत नाही."

"म्या सही करनार न्हाई," चाची म्हणाली. आजवर ती असं कधी बोलली नव्हती. ती घरी आली. तिच्या नवऱ्यानं, हुसेननं, कापूस पिंजायचं यंत्र थांबवून सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाला आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेनं पूजालाच बोलावलं. ती वखारीतून तशीच गेली, ऐकून घेतलं, सही केली. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असा शेरा मिळाला. संध्याकाळी ती चाचीकडं आली. रागात नव्हती, नुसती दमलेली होती.

"चाची, कालच तुमी सही केली असती तर माजी हजेरी वाचली असती."

"व्हय गं," चाची म्हणाली.

अंकिता आईबरोबर वखारीत जाऊ लागली. दोन-तीन महिने चाची कुठंच गेली नाही. एक-दोन पोरं ओट्यावर आली, त्यांना तिनं आईबापाकडं धाडलं. पुढं पावसाळ्यात तिला कुणीतरी सांगितलं, की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तेव्हा ती आपण होऊन पूजाच्या दारात गेली.

"परत शाळा?" पूजा म्हणाली.

"शाळा न्हाई. नुसती परीक्षा. फॉर्म भराय म्या जाती संगं."

पूजानं पदराला हात पुसले. म्हणाली, "जावा. पर काम सोडायचं न्हाई तिनं."

फॉर्म भरला. आता वखार सुटली की अंकिता चाचीकडं येते, हात धुते आणि अर्धवट भरलेल्या गादीला टेकून पुस्तक उघडते. कधी पान-दोन पानं होतात. बऱ्याचदा तिथंच तिचा डोळा लागतो. चाची तिला उठवत नाही. हुसेनला यंत्र बंद करायला खुणावते आणि दुसरी गादी शिवत बसते.