आप्पांनी दिलेलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या शाळेत नवा नकाशा आला. पाणी मात्र टँकरचंच होतं, दुष्काळ होता. माझी लेक चौथीत होती. मीही चौथीच शिकले, म्हणून ती आता माझ्या बरोबरीला आली याचं मला फार कौतुक.

गुरुजींनी शिवाशिवीचा धडा शिकवला आणि पोरांना सांगितलं, आपल्या गावात कोण कसं पाणी पीत होतं ते घरी विचारून लिहून आणा. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी लेकीला सांगितलं. तिनं दोन पानं लिहिली. झेंडावंदनाला हिनंच वाचायचं, असं गुरुजी म्हणाले.

गावात कुरकुर सुरू झाली आणि पालकांची सभा लागली. मी दाराशी बसले, लेक पदर धरून. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा, मोठे शेतकरी, स्वतः तांब्या-पेला घेऊन पाणी देत होते. दुष्काळात ते रांजणाला कुणाला हात लावू देत नसत. देता देताच बोलत होते.

"गुरुजी, हे कशाला शिकवायलात? पोरं मिळून खेळतात. आपल्या गावात आता तसलं काई न्हाई."

"नसंल तर वाचू द्या की," गुरुजी म्हणाले.

"न्हाई. वाचायचं न्हाई."

लेकीनं पदर घट्ट आवळला. तेवढ्यात आप्पा माझ्यापाशी आले. मी ओंजळ धरली. त्यांनी पेला बाजूला घेतला आणि तांब्यातून वरून धार सोडली.

लेक म्हणाली, "आई, हे तर माझ्या वहीत हाय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. मलाही हसू आवरेना, ओंजळीतलं पाणी सांडलं.

"तू ओंजळ कशाला धरलीस गं?" आप्पा म्हणाले.

"सवय." सभेत मी बोलले तो एवढाच शब्द.

"मलाबी तीच." त्यांनी पेला भरून माझ्या हातात दिला. "वाच पोरी. पर माझं नाव घालू नको."

"नव्हतंच आप्पा. आता घालावं लागंल."

आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी पेला दोन्ही हातांनी धरून सावकाश पीत बसले. इतकी सावकाश, की शेजारचे शेतकरी म्हणाले, "वहिनी, आटपा की. पेला एकच हाय."

मी पेला त्यांच्याकडे दिला. झेंडावंदनापर्यंत लेकीच्या दोन पानांची तीन झाली होती.